एक डोकं, दोन पगड्या

‘मानद’ या शब्दाचा अर्थ मला आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाने शिकवला. मानद अध्यक्षाने वर्गणी सगळ्यांच्या आधी भरायची, आरतीला पुढे उभं राहायचं आणि पावतीपुस्तकाला हात लावायचा नाही. लाउडस्पीकरचा आवाज कमी करा, असं मी तीन वर्षं सांगतो आहे. पोरं अत्यंत आदराने ‘हो काका’ म्हणतात आणि आवाज वाढवतात. त्यामुळे ‘राष्ट्रकुल प्रमुख’ या पदावरच्या माणसाविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो.

हे पद मुळात आपल्यापायी जन्माला आलं. भारत प्रजासत्ताक होणार, म्हणजे राजा नको; पण राष्ट्रकुलातून बाहेरही पडायचं नाही, अशी नेहरूंची भूमिका. तेव्हा एप्रिल १९४९ मध्ये लंडनला तोड निघाली : सहावे जॉर्ज भारताचे राजे नव्हेत, पण या स्वतंत्र राष्ट्रांच्या एकत्र येण्याचं प्रतीक, आणि म्हणून राष्ट्रकुलाचे प्रमुख. म्हणजे चूल वेगळी, फक्त सणाला नमस्कार! आपल्याला यात नवल नाही म्हणा. कारभार पुण्याला असतानाही पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहूनच येत. राष्ट्रकुल प्रमुखाला वस्त्रं द्यायचाही अधिकार नाही. आज या कुळात ५६ देश. त्यांतल्या १५ देशांचा तो राजा, बाकीच्यांचा नुसता वडीलधारा. कचेरी महासचिव चालवतात. पद वंशपरंपरागत नाही. आईनंतर चार्ल्स, हे २०१८ साली नेत्यांनी बसून ठरवलं.

मग हा माणूस करतो काय? जातो. वाटतं तितकं ते सोपं नाही. १९६१ साली घानात, आक्रा शहरात, एलिझाबेथ राणी जायच्या थोडे दिवस आधी बॉम्ब फुटले. जाऊ नये, असं लंडनमध्ये पुष्कळांचं मत होतं. घाना आदल्याच वर्षी प्रजासत्ताक झालेला, तिथे ती कुणाचीच राणी नव्हती. तरी गेली, आणि एन्क्रुमांबरोबर नाचलीसुद्धा.

पण गेल्यावर बोलायचं काय? २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस चार्ल्स केनियात गेले. वसाहतीच्या काळातल्या अत्याचारांबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, माफी मात्र मागितली नाही. इथे माझ्यातला मानद अध्यक्ष अस्वस्थ होतो. हुकूम सोडायला सत्ता लागते, कायदा करायला बहुमत लागतं. माफी मागायला यांतलं काय लागतं हो? तिथे फक्त नाव लागतं, आणि नाव तर या माणसाकडे भरपूर आहे. माऊ माऊ उठाव ज्या मुकुटाच्या नावाने चिरडला गेला, तो तेव्हा त्यांच्या आईच्याच डोक्यावर होता.

अडचण मला कळते. माफीच्या मागोमाग भरपाईचा आकडा येतो, आणि पैसे सरकारने मोजायचे. म्हणून ब्रिटनचा राजा अशा बाबतीत मंत्र्यांच्या सल्ल्यानेच तोंड उघडतो. कबूल. पण कुलप्रमुखाला कुठलं आलंय मंत्रिमंडळ? एक डोकं, दोन पगड्या. नेमकी अडवणारी तेवढी घालायची आणि मोकळी पगडी खुंटीला ठेवायची, हे काही मला पटत नाही. घरातला थोरला अगदी कफल्लक असला, तरी ‘आमच्या लोकांचं चुकलं’ एवढं म्हणायला त्याला कुणाची सही लागत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआला राष्ट्रकुलाचं संमेलन भरलं. गुलामांच्या व्यापाराबद्दल खरेपणाने बोलायची वेळ आता आली आहे, असं नेत्यांनी निवेदनात लिहिलं. त्या संमेलनाचं उद्घाटन चार्ल्स यांनी केलं होतं. निवेदन मात्र नेत्यांचं.