फोटोतल्या बायकांची नावं

ऑक्टोबर १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचा एक फोटो काढला गेला. एक साडीत, दुसरी किमोनोत, तिसरी सीरियाच्या पारंपरिक पेहरावात. फोटोखाली तिघींची नावं, गावं आणि देश लिहिले आहेत: भारताच्या आनंदीबाई जोशी, तोक्योच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या इस्लामबुली. ती नावं नसती, तर त्या फोटोत आज निव्वळ तीन अनोळखी स्त्रिया उरल्या असत्या.

त्या नोंदीत चुकाही आहेत. आनंदीबाईंच्या नावापुढच्या गावाचं स्पेलिंग पार बिघडलेलं आहे. ते गाव म्हणजे बंगालमधलं श्रीरामपूर. आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते, बदलीमुळे हे जोडपं तिथे राहत होतं आणि त्याच काळात, १८८३ मध्ये, आनंदीबाई अमेरिकेला गेल्या. म्हणजे चुकीचं लिहिलेलं गावसुद्धा शोधणाऱ्याला त्यांच्या महाराष्ट्राबाहेरच्या आयुष्याचा एक धागा देतं. न लिहिलेलं मात्र काहीच देत नाही. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना होतं, हे त्या फोटोवरून कळत नाही. ओकामी हे केई यांचं सासरचं आडनाव. माहेरच्या त्या निशिदा.

घरोघरच्या जुन्या फोटोंची अडचण नेमकी इथेच आहे.

पिढ्यांची नोंद ठेवणं मराठी घरांना नवं नाही. अनेक कुळांचे कुलवृत्तांत छापले गेले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या कितीतरी पिढ्या नोंदलेल्या आहेत. पण वंशावळीचा कणा बाप, मुलगा, नातू असाच राहिला. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच थांबायची. फोटोत मात्र बायका आहेत. मुंजीच्या, लग्नाच्या, बारशाच्या फोटोत त्या मुलांना मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसल्या आहेत. वंशावळीत पुरुषांची नावं आहेत, पण चेहरे नाहीत; फोटोत बायकांचे चेहरे आहेत, पण नावं नाहीत. म्हणून फोटोवर नावं घालणं हे वंशावळीची राहिलेली बाजू लिहिण्याचंच काम आहे.

पाठीमागे काही लिहिलेलं असलं, तरी ते बहुधा ‘माई’, ‘काकू’, ‘बाळची आत्या’ एवढंच असतं. लिहिणाऱ्याला ते पुरेसं होतं. नातवंडांना पुरत नाही. काकू कोणाची, हे सांगणारं माणूस गेलं की नातंही हरवतं. बऱ्याच घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलत असे. त्यामुळे पाळण्यातलं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं पूर्ण नाव आणि घरात हाक मारायचं नाव अशी चारही लिहावी लागतात. सोबत गाव, प्रसंग आणि अंदाजे साल. अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहावं.

कशाने लिहायचं, यालाही महत्त्व आहे. बॉलपेनचा दाब पाठीवरून पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. जुन्या कागदी फोटोवर मऊ पेन्सिल बरी, तीही कडेला आणि हलक्या हाताने. अलीकडच्या, प्लॅस्टिकचा लेप असलेल्या फोटोपेपरवर पेन्सिल उमटत नाही. तिथे फोटोबरोबर वेगळी चिठ्ठी ठेवावी. चिकट पानांच्या आल्बममधला गोंद काही वर्षांनी फोटोच धरून ठेवतो. असे फोटो ओढून काढू नयेत. आधी जागच्या जागी स्कॅन करावेत. कोकणातल्या पावसाळ्यात तर फोटोवरच्या जिलेटिनच्या थराला बुरशी लागते आणि फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो. काच आणि फोटो यांच्यात जाड कागदाची चौकट घातली की हवेला जागा राहते. व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रत आकसलेली असते, म्हणून मोठ्या आकारातला मूळ स्कॅन वेगळा जपावा.

नावं गोळा करण्यासाठी फोटोची मोठी प्रत काढून प्रत्येक चेहऱ्यावर आकडा घालावा आणि ती घरातल्या थोरल्यांपुढे ठेवावी. कोणी, कधी, काय सांगितलं हेही टिपावं. एकाच चेहऱ्याला दोन आत्यांनी दोन नावं दिली, तर दोन्ही लिहावीत. पुढे एखादी लग्नपत्रिका, शाळेचा दाखला किंवा दुसऱ्या घरातली तीच प्रत निवाडा करते. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढताना घराघरांतून माहिती मागवली जाते. त्या माहितीला असे आकडे घातलेले फोटो जोडले, तर लेकी आणि सुना त्यात पूर्ण नावानिशी येऊ शकतील.