खाऊचे पैसे की श्रमाचे मोल?

काही नैतिक प्रश्न इतक्या लहान वेषात समोर येतात की त्यांना प्रश्न म्हणण्याचाही संकोच वाटतो. घरची मंडळी आठ दिवस परगावी जाणार, कुत्रा मागे राहणार आणि शेजारची अकरावीत शिकणारी मुलगी त्याला दोन वेळा खायला घालून सकाळ-संध्याकाळ फिरवून आणणार. परत आल्यावर तिच्या हातावर किती पैसे ठेवावेत? वरकरणी हा पाच मिनिटांचा हिशेब आहे. परंतु तो करावयास बसले की शेजारधर्म, श्रमाची प्रतिष्ठा आणि आपली वडिलकी या तिहींची ओढाताण सुरू होते.

आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या वाड्यांत हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. एक बिऱ्हाड गावाला गेले तरी वाडा रिकामा होत नसे आणि ओट्यावरच्या कुत्र्याला कोणी ना कोणी भाकरी टाकीच. आता मुले पुण्या-बंगळुरूस किंवा परदेशी, घरात वृद्ध पतिपत्नी, आणि मुलांनीच हौसेने आणून ठेवलेला एखादा कुत्रा किंवा मांजर. नातवंडांना भेटावयास निघायचे तर आधी त्या मुक्या जिवाची सोय पाहावी लागते. पैसे घेऊन कुत्री सांभाळणारी ठिकाणे शहरांत निघाली आहेत खरी. परंतु परक्या जागी कित्येक कुत्री अन्नाला तोंड लावीत नाहीत आणि मांजराला तर घर सोडणेच मानवत नाही. मग ओळखीचे, विश्वासाचे आणि प्राण्यांची आवड असलेले शेजारचे मूल आठवते.

अशा वेळी आपल्याकडील रीत अशी की आधी काही बोलायचे नाही. परत आल्यावर पेढ्यांचा पुडा आणि एकशे एक रुपयांचे पाकीट द्यायचे व म्हणायचे, ‘खाऊला घे हो.’ या रीतीत माया आहे, हे मी नाकारीत नाही. पण खाऊचे पैसे म्हणजे देणाऱ्याची मर्जी. घेणाऱ्याने ते मोजायचे नसतात, कमी वाटले तरी बोलायचे नसते. ज्या मुलीने आठ दिवस पहाटे उठून आपली जबाबदारी वाहिली, तिच्या श्रमाला खाऊ म्हणणे म्हणजे तो श्रम मोजण्याचा तिचा अधिकारच काढून घेणे होय. ‘काका, द्या काहीही,’ असे ती म्हणते, ती तिची भीड असते. मुलांच्या भिडेतून आपली बचत होऊ नये, एवढे भान वडीलधाऱ्यांनी ठेवलेच पाहिजे.

यावर आक्षेप येतो तो शेजारधर्माचा. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या उपयोगी पडावे, त्यात पैसा कशाला आणता? आक्षेप वजनदार आहे. मात्र शेजारधर्म परतफेडीवर उभा असतो. आज तुम्ही माझ्या घरावर लक्ष ठेवा, उद्या मी तुमच्या. हे बरोबरीच्यांत चालते. सोळा वर्षांची मुलगी आपल्याकडून कोणती परतफेड मागणार? आपण तिच्या वडिलांच्या उपयोगी पडू, पण ते ऋण त्यांचे फिटेल, तिचे नव्हे. एखाद्या संध्याकाळी दुधाची पिशवी आत ठेवणे हा शेजारधर्म. आठ दिवस नेमाने केलेले काम हे काम आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांना हा भेद चांगला ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात नियम आहे की वेतन ठरले असेल तर ठरल्याप्रमाणे द्यावे. ठरले नसेल तर काम आणि काळ यांच्या मानाने द्यावे. न ठरविता काम करणाऱ्या गुराख्यास तुपाचा दहावा हिस्सा सांगितला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही गुराख्याचे वेतन आणि त्याची जबाबदारी यांचा विचार एकत्रच येतो. दिवसा गुरांची जबाबदारी गुराख्यावर आणि रात्री गुरे धन्याच्या घरी असतील तर ती धन्यावर, अशी तेथे वाटणी आहे. मनुस्मृतीतील कित्येक गोष्टी आज त्याज्य आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु मोबदला आणि जबाबदारी एका तागडीत तोलण्याची ही दृष्टी आजही उपयोगी पडते.

माझ्या मते या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे. मोबदला ठरविताना आपण म्हणतो, ‘लहान आहे, तिला एवढे कशाला?’ आणि फाटक उघडे राहून कुत्रा पळाला की म्हणतो, ‘एवढी मोठी मुलगी, कळायला नको?’ देताना लहान आणि जाब विचारताना मोठी, असे दोन्हीकडून चालणार नाही. वयाकडे पाहून मोबदला कमी करायचा असेल तर जबाबदारीही तितकीच कमी केली पाहिजे: कुत्र्याला अंगणाबाहेर नेऊ नये, औषध देण्याचे काम सोपवू नये, घराची किल्ली दुसऱ्या वडीलधाऱ्याकडे असावी. आणि पूर्ण जबाबदारी द्यायची असेल तर मोबदलाही पूर्ण द्यावा. त्यातही प्राणी आजारी पडल्यास होणारा पशुवैद्याचा खर्च आणि अपघाताचा धोका हे मालकाचेच; ते मुलांच्या माथी मारता येत नाहीत.

रक्कम ठरवावी कशी? १९४८ च्या किमान वेतन कायद्यात प्रौढ, किशोर आणि बालक यांच्यासाठी निरनिराळे दर ठरविण्याची मुभा होती. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यावर २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आणली असल्यामुळे येथे विचार पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचाच आहे. शेजारणीला कोणी कामगार म्हणणार नाही. तरीही सरकारने आपल्या राज्यासाठी जाहीर केलेला अकुशल मजुराचा दर हा एक सोयीचा पाया आहे. दोन्ही वेळचे फिरविणे, खाणे-पाणी आणि साफसफाई मिळून दिवसाला दोन तास धरले तर आठ दिवसांचे सोळा तास होतात, म्हणजे आठ तासांचे दोन पूर्ण दिवस. दोन दिवसांची मजुरी ही झाली खालची पायरी. एकशे एकाचे पाकीट तिच्या जवळपासही पोहोचत नाही.

खालच्या पायरीच्या वर किती जावे? स्वातंत्र्यानंतर लगेच नेमलेल्या योग्य वेतन समितीने असे मांडले होते की योग्य वेतनाची खालची मर्यादा किमान वेतन ही असावी आणि वरची मर्यादा उद्योगाची देण्याची ऐपत ही असावी. घरालाही हाच न्याय लावता येईल. किल्ली सांभाळणे, वेळेवर औषध देणे, रविवारची सहल सोडून घरी थांबणे, या प्रत्येकाचे काही मोल आहे. तिला कुत्र्याचा लळा आहे म्हणून ते मोल उतरत नाही. शिक्षकाला अध्यापनाची आवड आहे म्हणून त्याचा पगार कोणी कापीत नाही.

ठरविलेली रक्कम न्याय्य आहे का, हे पाहण्यासाठी मी एक कसोटी सुचवितो. हेच काम शेजारच्या मुलीऐवजी आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाने केले असते, तर आपण किती दिले असते? पुष्कळ घरांत उत्तरे निराळी येतील. एकीला परदेशातून आणलेली भेटवस्तू मिळेल. दुसऱ्याला पन्नासाच्या दोन नोटा, आणि त्याही त्याच्या आईच्या हाती. काम तेच, तास तेच, कुत्रा तोच. ही तफावत श्रमामुळे पडत नाही, ती कुळाकडे आणि वर्गाकडे पाहण्याच्या आपल्या सवयीमुळे पडते. दोघांसाठी एकच आकडा निघेल, तेव्हाच तो कामाचा आकडा असेल.

मग मायेला जागाच नाही काय? आहे, परंतु ती मोबदल्यानंतर. निघण्यापूर्वी समोर बसवून काम सांगावे, तास सांगावेत, रक्कम सांगावी आणि ‘तुला हे पटते का?’ असे विचारावे. परतल्यावर ठरलेली रक्कम तिच्याच हाती द्यावी. पेढे वेगळे द्यावेत. ‘आमच्या मुलीला पैसे कसले देता?’ असे तिचे वडील म्हणतील. त्यांचा मान राखून त्याच रकमेची, तिने निवडलेली पुस्तके घेता येतील. पण निवड तिची असावी आणि रक्कम ठरल्यापेक्षा कमी नसावी.

त्या मुलीच्या आयुष्यातील ही बहुधा पहिली कमाई असेल. पुढे नोकरीत कोणी तिला कमी वेतनात राबवू पाहील, तेव्हा आपल्या कामाला मोल असते आणि ते आधी विचारायचे असते, हे तिला कुठून तरी ठाऊक असले पाहिजे. ते शिकविण्याची संधी आपल्या दाराशी आली आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च आपल्या ऐपतीबाहेरचा नाही.