मदतनिसाचे तास कोण देणार?

मणक्याला मार लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या पंचविशीतल्या मुलाच्या घरी रात्रसुद्धा सलग नसते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही. सकाळी लघवीची नळी, शौच, आंघोळ, मग काखेत हात घालून खाटेवरून चाकाच्या खुर्चीत. मुलगा साठ-पासष्ट किलोचा. उचलणारी आई पन्नाशी ओलांडलेली, तिची स्वतःची कंबर धरलेली. आवरेपर्यंत दहा वाजून जातात. कॉलेजची, कामाची वेळ तोवर टळलेली असते.

या घराला सरकारकडून काय मिळतं? दाखला मिळतो, शिबिरात खुर्ची मिळते, आणि महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून पैसे. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाली, ते चांगलंच झालं. पण त्या मुलाला खुर्चीत बसवणारे दोन हात या यादीत कुठेच नाहीत. ते हात आईचे असणार, फुकट असणार आणि कधी थकणार नाहीत, असं आपण सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे.

कायद्यानं तसं धरलेलं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम सांगतं, की दिव्यांग व्यक्तीला अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती नसावी, आणि घरी व समाजात राहण्यासाठी तिला वैयक्तिक मदतनिसासह आधारसेवा मिळाव्यात. त्याही तिचं वय आणि लिंग लक्षात घेऊन. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचीही तरतूद याच कायद्यात आहे. मात्र पाचव्या कलमात सरकारनं फक्त ‘प्रयत्न’ करायचे आहेत. प्रयत्न झाले नाहीत म्हणून तहसीलदाराच्या टेबलावर हक्क सांगता येत नाही.

वयाचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. पंचविशीतल्या माणसापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं असतात. त्याला नुसतं स्वच्छ आणि जिवंत ठेवून भागत नाही. त्याला शिकायचं असतं, कमवायचं असतं, मित्रांबरोबर रात्रीचा सिनेमा बघायचा असतो, कुणाच्या तरी प्रेमात पडायचं असतं. लघवीची पिशवी रिकामी करायला आईच सोबत हवी असेल, तर यातलं काय शक्य आहे? आणि आई नसलेल्या घरात वयात आलेल्या मुलीचे पाळीचे दिवस वडिलांनी किंवा भावानं सांभाळायचे, ही अडचण तर कुणी मोठ्यानं बोलतही नाही.

‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न पालकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो, आणि उत्तर बहुधा ठरलेलं असतं: एखादं वसतिगृह काढा. वसतिगृहांना सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं होईल. नसीमा हुरजूक यांच्या कोल्हापूरच्या संस्थेमुळे कितीतरी मुलं शिकली, स्वतःच्या पायांवर उभी राहिली. शिकून बाहेर पडण्यासाठी असलेली जागा वेगळी आणि आयुष्यभर ठेवून देण्याची जागा वेगळी. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीतली स्वच्छता या मुलींना राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. मदतीला माणसं नेमण्यापेक्षा अवयव काढणं सोपं वाटलं! गदारोळ झाला म्हणून ते थांबलं.

स्वीडननं त्याच १९९४ साली दुसरी वाट धरली. तिथल्या कायद्यानं ६५ वर्षांच्या आतल्या तीव्र दिव्यांग व्यक्तीला मदतनिसाचे तास हक्कानं दिले, आणि मदतनीस कोण असावा हे त्या व्यक्तीनं ठरवायचं. स्वीडनची तिजोरी आपल्याकडे नाही, हे खरं. पण पैसा अजिबात नाही, हेही खरं नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लहान गावाला हा निधी पुरणार नाही. चार-पाच गावांनी मिळून आणि जिल्हा परिषदेनं भर घालून तो पुरवता येईल. बचत गटातल्या बायका आणि गावातले बेरोजगार तरुण यांना कूस बदलणं, उचलणं, नळीची स्वच्छता शिकवून रीतसर पगारावर नेमता येईल. रोज सकाळी दोन तास एका घरी, मग पुढच्या घरी.

यात गैरप्रकार होतील, बोगस हजेऱ्या लागतील, अशी शंका येते. येऊ दे, पण निराधार योजनेतही बोगस नावं सापडली म्हणून आपण ती योजना बंद केली नाही. खरी काळजी बंद दाराआड होणाऱ्या छळाची आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत. म्हणूनच मदतनीस निवडण्याचा आणि नको असेल तर बदलण्याचा अधिकार तिच्याकडेच हवा. ज्यांना बोलून सांगता येत नाही, त्यांच्या घरी न कळवता भेट देणारं कुणीतरी हवं.

सुरुवात दाखल्यापासून करता येईल. आज वैद्यकीय मंडळ टक्के लिहून देतं: ऐंशी, नव्वद. त्यावरून सवलत ठरते, पण सकाळी उठवायला कोण आहे आणि किती तास मदत लागते, हे कळत नाही. जास्त आधाराची गरज तपासणारं मंडळ कायद्याच्या ३८व्या कलमात आहेच. त्या मंडळानं घरी जावं, सकाळी सहा वाजता जावं, आणि टक्क्यांच्या शेजारी तासांचा रकाना भरावा.