मार्कोचे वकीलपत्र

कादंबरीवरून चित्रपट निघाला की त्या दोहोंची तुलना करण्याचा मोह सुशिक्षित मनुष्यास आवरत नाही, आणि ही तुलना बहुधा एकाच तऱ्हेने होते. पुस्तक हे अस्सल, चित्रपट ही त्याची नक्कल. नकलेत काय गळले आणि काय घुसडले गेले ते टिपावयाचे व दिग्दर्शकास दोषी ठरवून मोकळे व्हावयाचे. कचेरीतील कारकून नक्कल अस्सलाशी ताडून पाहतो आणि खाली रुजुवात घेतल्याची सही करतो, त्याहून या कामात अधिक बुद्धी खर्ची पडते असे मला वाटत नाही. पण हे मला फार उशिरा कळले, आणि तेही पंधरा वर्षांच्या एका मुलीमुळे.

गेली तीन वर्षे बेळगावातील एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी मी नववी-दहावीच्या मुलामुलींचा एक वर्ग घेतो. वर्ग म्हणणे हाही थोडा मोठेपणाच झाला. दहा-बारा मुले जमतात, एखादे पुस्तक वाचतात आणि त्यावर निघालेला चित्रपट असल्यास तो पाहतात. घरी मराठी, रस्त्यावर कानडी आणि परीक्षेपुरती इंग्रजी अशी या मुलांची त्रिस्थळी यात्रा चाललेली असते. म्हणून मी म्हैसूरच्या आर. के. नारायण यांची 'द गाइड' ही कादंबरी निवडली. भाषा सोपी, आणि आमच्याकडील भाषावादात हा लेखक कोणत्याच बाजूचा पक्षकार नव्हे! कादंबरी १९५८ सालची. तिला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विजय आनंद यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट १९६५ सालचा.

आरंभी आम्ही रुजुवातच केली. मुलांना या कामाचा फार उत्साह असतो, कारण मोठ्यांच्या चुका काढण्याचा परवाना एरवी त्यांना कोण देतो? मालगुडी गेले आणि राजस्थान आले. वेलानचा भोला झाला. कादंबरीच्या शेवटी राजूपाशी न आलेली त्याची आई आणि रोझी चित्रपटात येतात. (आईची भूमिका लीला चिटणीस यांची, त्या मूळच्या धारवाडच्या, हे ऐकून मुलांना भलताच अभिमान वाटला.) नारायण यांनी स्वतः या रूपांतराविषयी कुरकुर करणारा लेख लिहिला होता हेही मी सांगितले, तेव्हा तर खटला जिंकल्यासारखे सारे टाळ्या पिटू लागले. फळ्यावर सत्तावीस फरक झाले होते.

तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, पुस्तकातला मार्को मला आवडला नाही, पण तो वाईट आहे असं काही वाटलं नाही. सिनेमातला मात्र वाईटच आहे. मग त्याला वाईट कुणी केलं?"

मी तिला म्हणालो, हा अठ्ठाविसावा फरक, लिही फळ्यावर. ती उठली नाही. "फरक नाही, सर. कुणी केलं आणि का, ते विचारतेय."

ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. मार्को हा रोझीचा नवरा; जुन्या गुहांतील भित्तिचित्रे हेच त्याचे सर्वस्व. रोझी देवदासींच्या घराण्यातली; नृत्य हा तिचा प्राण आणि नवऱ्यास नृत्याचा तिटकारा. वाटाड्या राजू दोघांना गुहा दाखवावयास नेतो आणि रोझीच्या प्रेमात पडतो. येथवर कादंबरी आणि चित्रपट बरोबरीने चालतात. पुढे वाट फुटते. कादंबरीत रोझी आणि राजू यांचे संबंध आधी जुळतात. ते मार्कोला रोझीच्याच तोंडून कळतात. तो मारझोड करीत नाही, आरडाओरडाही करीत नाही. तिच्याशी बोलणे टाकतो आणि एके दिवशी तिला फलाटावर सोडून एकटाच मद्रासच्या गाडीत बसतो. चित्रपटात रोझीच नवऱ्याला गुहेत परस्त्रीसमवेत पाहते. भांडण होते, ती त्याचे घर सोडते आणि मग राजूच्या आश्रयास येते. म्हणजे घटना थोड्याफार त्याच, केवळ आधीची नंतर झाली आणि नंतरचीस आधी एक नवे कारण मिळाले.

कारणही उघड आहे. विवाहित स्त्री नवऱ्यास सोडून परपुरुषाच्या घरी राहते, ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकाने सोसावी यासाठी कोणीतरी आधी अपराधी ठरणे आवश्यक होते. रोझी नायिका, राजू नायक, उरला मार्को. किशोर साहू यांनी ती भूमिका उत्तम वठविली आहे, हाही एका परीने मार्कोचा दुर्दैवविलासच. प्रेक्षक समाधानाने घरी जातो, कारण ठरवावयाचे होते ते त्याच्या वतीने ठरवून झालेले असते.

मुलीच्या प्रश्नाचे एवढे उत्तर मी दिले असते आणि विषय मिटला असता. परंतु त्या रात्री कादंबरी पुन्हा चाळताना पूर्वी दोनदा वाचूनही डोळ्यांआड झालेली एक जागा सापडली. राजूवर रोझीची खोटी सही केल्याचा खटला भरतो. तो मोठ्या फीचा एक वकील देतो. तारखा वाढवून घेण्यात या गृहस्थाचा हातखंडा. नारायण यांनी आमच्या धंद्याची येथे जी थट्टा केली आहे ती मी निमूटपणे सोसली. हा वकील न्यायालयात साऱ्या प्रकरणाचे तीन अंकी सुखान्त नाटक रचतो, आणि त्या नाटकाचा खलपुरुष कोण? मार्को! रोझी ही त्याच्या दुष्टपणाची पहिली बळी, इत्यादी. न्यायाधीश भुलत नाहीत; राजूला दोन वर्षांची शिक्षा होते.

म्हणजे कादंबरीने एका भाडोत्री वकिलाच्या तोंडी घालून हास्यास्पद ठरविलेला युक्तिवाद चित्रपटाने उचलला आणि सत्य म्हणून पडद्यावर मांडला. नारायण यांचे न्यायाधीश फसले नाहीत. आपण तिकीट काढून फसलो.

मी पुस्तक मिटले, पण झोप येईना. दहाएक वर्षांपूर्वी मी एका विवाहिताच्या वतीने दावा चालविला होता. ती सासर सोडून माहेरी आली होती, आणि नवऱ्याचे दुसऱ्या एका स्त्रीशी संबंध होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. परंतु माझी पक्षकार घराबाहेर पडली ती आधी, आणि ते दुसरे प्रकरण त्यानंतर काही महिन्यांचे. दावा लिहिताना मी एका घटनेची तारीख दिली आणि दुसरीविषयी 'त्या सुमारास' एवढेच लिहिले. परिच्छेदांचा क्रम असा लावला की वाचणाऱ्याने नंतरचे आधी समजावे. असत्य म्हणता येईल असे एक अक्षर त्यात नव्हते. समोरच्या वकिलांनी ते हेरले नाही, आणि निकाल आमच्यासारखा झाला. त्या बाईंना पोटगीची खरीखुरी गरज होती, असे मी तेव्हा स्वतःस सांगितले, आणि ते आजही खरे आहे. तरीही निकालानंतर व्हरांड्यात उभा असलेला तो मनुष्य मला आठवतो. आपल्याविषयी जे वाचले गेले त्यात खोटे नेमके कोठे आहे, हे त्याला दाखविता येत नव्हते.

येथे कायदा काय म्हणतो ते विचारणे हा माझा जातिधर्म. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला एक विशेष हक्क दिला आहे: हक्क विकून टाकल्यानंतरही आपल्या कृतीची मोडतोड झाल्यास त्यास दाद मागता येते. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून 'समय की धारा' हा चित्रपट निघाला तेव्हा त्या याच कलमाखाली न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये असे मानले की माध्यम बदलताना आवश्यक ते फेरफार करण्यास मुभा आहे, मात्र कृतीचे विकृतीकरण करण्यास नाही. निर्णय योग्यच आहे. परंतु हे कलम लेखकाचे आहे. पात्राला कोणते कलम? मार्कोच्या वतीने वकीलपत्र दाखल करण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही, आणि कल्पित मनुष्याची बदनामी होत नाही असे कोणीही म्हणेल. होत नसेलही. पण ज्या प्रेक्षकाला ती पाहताना काहीच खुपले नाही तो उद्या खऱ्या मनुष्याविषयीची अशीच गोष्ट तितक्याच सुखाने ऐकेल. मला काळजी वाटते ती त्याची.

तथापि चित्रपटालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मी थांबलो असतो तर पुन्हा तीच कारकुनी झाली असती. पुढच्या रविवारी मी मुलांना विचारले: पुस्तकातील रोझीची हकीकत आपल्याला कोणी सांगितली? बराच वेळ कोणी बोलेना. मग एकेकाच्या ध्यानात येऊ लागले. ती सारी हकीकत राजूच्या तोंडची आहे. तुरुंगातून सुटून एका ओसाड देवळात बसलेल्या या मनुष्याला खेडूत साधू समजतात. उपवासाच्या संकटातून सुटण्यासाठी तो वेलानपुढे रात्रभर आपला कबुलीजबाब देतो. रोझी काय म्हणाली, रोझीला काय वाटले, हे सर्व एका आरोपीच्या जबानीतून येते, आणि हा आरोपी सराईत वाटाड्या; पाहुण्याला जे पाहावयास आवडेल तेच दाखविण्याची त्यास सवय. रोझीची उलटतपासणी कोणी घेतलेली नाही, तिची सरतपासणीही झालेली नाही! कॅमेऱ्याने निदान तिला आपल्या डोळ्यांसमोर उभे केले. वहीदा रेहमान यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते राजूच्या परवानगीवाचून दिसते. तेव्हा चित्रपटाने मार्कोवर अन्याय केला असेल, पण रोझीला जी सुनावणी कादंबरीत मिळत नाही ती त्यानेच दिली, हेही मान्य केले पाहिजे. मी हे बोलताच एक मुलगा वैतागून म्हणाला, "मग सर, बरोबर कोण?" त्याला उत्तर द्यावयास माझ्यापाशी काही नव्हते.

'श्यामची आई' घराघरांत आहे, म्हणून तिचेही उदाहरण घेतले. पुस्तकात आई केव्हाच गेलेली आहे. मोठा झालेला श्याम आश्रमात रात्रीमागून रात्री तिच्या आठवणी मित्रांना सांगतो. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटात वनमालाबाई प्रत्यक्ष वावरतात. एका मुलाने विचारले की, श्यामने आईच्या चुका मुद्दाम सांगितल्या नसतील का? काही पालकांच्या कानी हे गेले आणि 'मुलांना असले संशय का शिकविता' असा निरोप आला. निरोपाचा राग आला नाही. संशय आणि चौकशी यांतील भेद मुलांना शिकविणे मला अजून नीट जमलेले नाही, हे खरे आहे.

शेवटाविषयी मात्र वर्गात कडाक्याचे भांडण झाले. चित्रपटात पाऊस कोसळतो आणि राजूचा देह पडतो. कादंबरीत तो नदीत उभा राहतो, डोंगरात पाऊस पडत असल्याचे म्हणतो आणि खाली कोसळतो. पाऊस आला का, तो मेला का, नारायण सांगत नाहीत. बहुतेक मुलांना पाऊस हवा होता. ज्यांच्या घरी शेती होती त्यांना तर हवाच होता, आणि त्यांना ललित साहित्यातील संदिग्धतेचे महत्त्व पटवून देण्याचा धीर मला झाला नाही.

त्या सत्राचा शेवटचा अभ्यास म्हणून मी सांगितले की, मार्कोच्या वतीने कैफियत लिहा. काहींनी मार्कोला थेट संत केले. म्हणजे माझ्याच धंद्याचा कित्ता गिरविला. त्या मुलीची कैफियत अर्ध्या पानाची होती. तिने एकच पुरावा जोडला होता: मार्कोने पुढे गुहांवर जो ग्रंथ छापला त्यात मालगुडी स्टेशनवरील राजूचे साहाय्याबद्दल आभार मानले आहेत, आणि राजूने तो ग्रंथ रोझीपासून दडविला. त्याखाली तिने मार्कोच्या नावे लिहिले होते: "मी भिंती फार नीट पाहिल्या. बायकोकडे पाहिले नाही, हे मला कबूल आहे. बाकीचे आरोप नाकबूल."

मी ते पान घरी आणले. त्या जुन्या दाव्याची फाईल कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. तिच्यात प्रतिवादीचा पत्ता आहे. पत्र लिहून त्या मनुष्यास सांगावे तरी काय, आणि माझ्या पक्षकाराचा विश्वासभंग न करता ते सांगता येईल काय, याचा विचार करीत मी बराच वेळ बसलो होतो. फाईल अजून काढलेली नाही.