काजरा आणि नरक्या

कोकणातल्या आचऱ्याच्या खाडीकाठावरून कातळाकडे चढत गेले, की झाडोऱ्यात कुठे ना कुठे काजरा दृष्टीस पडतो. त्याच्या पिकल्या केशरी फळाचा गर धनेश पक्षी खुशाल खातो. परंतु आतील चपट्या, रेशमी लवेने मढलेल्या करड्या बियांचे चूर्ण माणसाच्या पोटात गेले, तर स्नायूंना आवर घालणारी मज्जारज्जूतील यंत्रणाच त्यातील स्ट्रिक्निन ह्या विषामुळे निकामी होते आणि नुसत्या स्पर्शानेही सर्वांगाला आकडी येते. ह्याच बियांना आयुर्वेद कारस्कर म्हणतो, आणि गोमूत्रात भिजवून, दुधात शिजवून, साल व अंकुर काढून तुपात परतल्यावाचून त्यांना औषधाचा परवाना देत नाही. पाश्चात्त्य वैद्यकानेही स्ट्रिक्निन एके काळी शक्तिवर्धक म्हणून दिले व पुढे सोडून दिले, कारण त्याच्या दिल्या जाणाऱ्या मात्रेत आणि मारक मात्रेत तफावत फारच थोडी.

विष औषध होते ते केवळ मात्रा घटवल्याने नव्हे, तर त्याचा आघात नेमका कोठे होतो हे कळल्याने, असे मला वाटते; नरक्या ह्या झाडाची कथा हेच सांगते. नंदुरबारात जन्मलेले रसायनज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे विषारी द्रव्य वेगळे केले. १९७२ साली तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील, दुर्गंधामुळे उपेक्षित राहिलेल्या नरक्यात सापडले. कर्करोग्यांवरील आरंभीच्या चाचण्या मात्र थांबवाव्या लागल्या, इतका मूत्राशयाला त्याचा दाह झाला. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी एक धागा क्षणभर कापून पुन्हा सांधणारे जे विकर असते, त्याला हे विष कापलेल्या अवस्थेतच जखडून ठेवते, हा उलगडा १९८५ च्या सुमारास झाला. आणि त्याच रेणूत फेरफार करून घडवलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्यता पावली. तीस वर्षांची ही तपश्चर्या ध्यानी घेतली, म्हणजे 'वनस्पतीचे आहे, अपाय कसला' हे आपल्याकडील नित्याचे बोलणे किती अविचाराचे आहे ते कळते.

तेव्हा काजऱ्याची बी कोणाच्या ऐकीव सल्ल्याने पोटात घेऊ नये, आणि ज्या नरक्याची लाकडे सह्याद्रीतून चोरून बाहेर जातात, त्याच्या तोडीला गावाने थारा देऊ नये, एवढी माझी आपल्या मुलखातील माणसांना कळकळीची विनंती आहे.