आप्तांच्या छायेतील विश्वास

अंतःकरणातील विश्वास ओठांवर येऊ न देणे हे शहाणपण की नाकार? जुलिया गोंझागा हिचे चरित्र वाचताना ह्या प्रश्नाचे सोपे उत्तर हाती लागत नाही.

तिचा जन्म १५१३ चा, इटलीतील मांतुआच्या राजघराण्याच्या एका शाखेतला. आप्त थोर होते: एर्कोले गोंझागा कार्डिनल, तर फेर्रांते गोंझागा सम्राट पाचव्या चार्ल्सचा सेनानी व पुढे मिलानचा राज्यपाल. १५२६ मध्ये विवाह झाला आणि १५२८ मध्ये वैधव्य आले. १५३५ साली ती नेपल्सला आली व व्रत न घेता एका मठात राहू लागली. तेथे हुआन दे वाल्देस हा स्पॅनिश विचारवंत तिचा आध्यात्मिक गुरू झाला. दोघांच्या संवादरूपाने त्याने लिहिलेल्या ‘ख्रिस्ती मुळाक्षरे’ ह्या ग्रंथात ती त्याच्याकडे असा मार्ग मागते, की देव तर भेटावा, पण आपल्यातला पालट जगाच्या नजरेस येऊ नये. मागणे किती मानवी आहे! आपल्यापैकी कितीजणांनी ते मनातल्या मनात केले नसेल?

तारण केवळ विश्वासाने, ही वाल्देसच्या शिष्यांची श्रद्धा रोमला मान्य नव्हती. १५४२ साली तेथे धर्मन्यायालय स्थापन झाले. कित्येक स्नेही परागंदा झाले, जुलिया राहिली. परदेशी गेलेल्या इसाबेला ब्रिसेन्या हिला ती पैसे पाठवीत असे. तिला भित्री म्हणणे म्हणूनच मला अन्याय्य वाटते. निकदेमही रात्रीच आला होता. पण वधस्तंभानंतर गंधरस घेऊन तो उजेडात उभा राहिला. जुलियावर तशी वेळ तिच्या हयातीत आली नाही. आप्तांच्या नावाने ती येऊ दिली नाही, असेच म्हणावे लागेल.

एवढी सावध स्त्री, पण स्नेह्यांची पत्रे तिने जाळली नाहीत. कुठेतरी आपली साक्ष उरावी, असे तिला वाटत होते काय? एप्रिल १५६६ मध्ये ती वारली आणि ते कागद रोमच्या हाती पडले. त्यांत पिएत्रो कार्नेसेक्की ह्या जुन्या मित्राशी झालेला पत्रव्यवहार होता. त्यालाही मोठ्यांचा आधार होताच. परंतु फ्लोरेन्सच्या ड्यूक कोसिमोनेच त्याला रोमच्या स्वाधीन केले. चौकशीत तीच पत्रे त्याच्यापुढे ठेवण्यात आली. १ ऑक्टोबर १५६७ रोजी त्याचा शिरच्छेद करून देह जाळण्यात आला. ही पत्रे आधी मिळती तर जुलियाला जिवंत जाळले असते, असे पोप पाचवे पायस म्हणाल्याचे सांगतात.