वहीत न बसलेला खर्च

निपाणीतल्या दहा खाटांच्या एका दवाखान्याचे हिशेब मी बरीच वर्षे लिहिले. ‘वैद्यकीचा धंदा करू नये’ असे आपण सहज म्हणून जातो. पण नर्सचा पगार आणि बँकेचा हप्ता धंद्यासारखेच महिन्याच्या महिन्याला दारात उभे राहतात, हे वही लिहिणाऱ्याला विसरता येत नाही.

२०२० च्या साथीत हा पेच उघडा पडला. त्या वर्षी मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या खाटेला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागात ९,०००. पुढे कर्नाटकानेही आपले वेगळे दर ठरवले. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा. रोग मात्र एकच! तरी दर बांधणे मला गैर वाटले नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेल्या उपचारांना ‘सेवा’ ठरवले आणि रुग्ण ग्राहक झाला. पण धाप लागलेला ग्राहक चार दुकाने फिरणार कसा?

डॉक्टरांनाही संरक्षण हवेच. प्लेगच्या दिवसांतल्या १८९७ च्या साथरोग कायद्याने, त्या कायद्याखाली सद्हेतूने वागणाऱ्याला खटल्यापासून अभय दिले. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत, गंभीर इजा केल्यास ७ वर्षांपर्यंत कैद ठरवली.

त्याच सुमारास एका रात्री डॉक्टरांनी विचारले, “काका, एक आजी आल्यात. मुलाजवळ पैसे नाहीत. ठेवून घेऊ?” वही समोरच होती. मी म्हणालो, “डॉक्टर, दोन महिन्यांचे पगार थकलेत. सरकारी दवाखान्यात पाठवा.” त्यांनी माझे ऐकले.

मला कोणी जाब विचारला नाही. आजी पुढे बऱ्या झाल्याचे कळले. पण तेवढ्याने माझे उत्तर बरोबर ठरत नाही. माझा हेतू वाईट होता का? नर्सांच्या घरची चूल मला दिसत होती. चुकले ते एवढेच, की तुटीचा सगळा भार मी सर्वांत दुबळ्या माणसावर टाकला. समाज खाटा मागतो, तर तूट भरणे समाजाचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी सरकारशी भांडावेच. पण आधी माणूस आत घ्यावा, भांडण मग करावे. उंबऱ्यावर बसून त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची पाळी आजारी माणसावर येऊ नये.